पिवळा म्हणजे उजवीकडे

डच हार्बर, अलास्का
९ नोव्हेंबर १९८६

कोच,

न सांगता पळून आलो, त्याबद्दल आधी मनसोक्त शिव्या देऊन घ्या आणि मग पुढचं वाचा.

सोमवारी सकाळी वसतिगृहातली खोली रिकामी केली, तीन विमानं बदलली आणि इथे येऊन पडलो. चुलतभावाने कामाचं सांगितलं होतं. खेकड्यांचा कारखाना आहे. बोटीतून जिवंत खेकडे येतात, पाय पसरले तर आपल्या व्हॅनच्या चाकापेक्षा मोठे. माझं काम म्हणजे खेकडा उचलायचा, लोखंडी पात्यावर आपटायचा आणि त्याचे दोन करायचे. दिवसाचे सोळा तास तेवढंच. डोकं लागत नाही, म्हणजे माझ्यासारख्यासाठीच आहे. कॉलेजात मी टिकणार नव्हतोच. तुम्ही शब्द टाकलात म्हणून मला घेतलं होतं, नाहीतर माझे मार्क बघून शिपायानेसुद्धा फाटकातून परत पाठवलं असतं.

पण लिहायला बसलो ते त्या शनिवारच्या, माळावरच्या धावण्याच्या शर्यतीबद्दल. डोळ्यांसमोरून जात नाही. पुढचे अकरा जण ओढ्यापाशी आले, त्यात आपले तिघे, आणि सगळेच्या सगळे डावीकडे वळून दगडखाणीच्या रस्त्याला लागले. वळायचं होतं उजवीकडे. आपल्या तिघांना ते माहीतही होतं. पण वळणावरचा झेंडा लाल होता. मागून येणाऱ्यांना कुणीतरी ओरडून उजवीकडे वळवलं. पहिल्याच दिवशी तुम्ही पोरांकडून घोकून घेता, लाल म्हणजे डावीकडे, पिवळा म्हणजे उजवीकडे, निळा म्हणजे सरळ. आणि वर सांगता की आठवण आणि झेंडा यांचं भांडण झालं तर झेंडा खरा. पोरांनी तुमचं ऐकलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आपण जिंकत होतो, आणि सात संघांत सहावे आलो.

नंतर तुम्ही सगळ्या कोचांसमोर टोपी काढलीत आणि म्हणालात, "झेंडे मी लावले होते. चूक माझी." मी मागे उभा होतो. माझा बाप असा, की शेजाऱ्याची काच फुटली तर चौकशी व्हायच्या आधी माझं नाव पुढे करायचा. तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. लोक काही म्हणोत, चूक तुमची नाही. एवढंच सांगायचं होतं.

मिसेस ब्रेक्केंना नमस्कार.

टॉड हॅवरकॅम्प

*

वॉकर्स ग्रोव्ह, आयोवा
२४ नोव्हेंबर १९८६

टॉड,

शिव्या देऊन झाल्या. आर्डिस म्हणाली, "खिडक्या बंद कर, शेजारी पाद्री राहतो."

तुझ्या खोलीत एक डावा बूट आणि माझं भूमितीचं पुस्तक सापडलं, कोरं करकरीत. पुस्तक परत घेतलंय. बूट राहू दे, एका पायाचा कोणी आला तर देईन.

इथे बर्फ पडलं. पोरं जिमखान्याच्या बोळात फेऱ्या मारतात, मुली त्यांच्यापेक्षा बऱ्या मारतात. डीनसाहेबांनी मला बोलावून कॉफी पाजली आणि दहा मिनिटं माझं कौतुक केलं. या डीनला मी बारा वर्षं ओळखतो. कौतुक करायला लागला की माणसाने टोपी उचलून निघायची तयारी करावी. पण त्याने जायला सांगितलं नाही, फक्त "थकला असाल" म्हणाला.

तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. कोचाच्या बाजूने बोलणारं कोणी असलं की बरं वाटतंच. पण मी कुणाला वाचवायला बोललो नाही, पोरा. झेंडे मीच लावले होते. शुक्रवारी संध्याकाळी, एकट्याने, दरवर्षीसारखे. मार्ग नवा असला तरी मीच आखलेला, मीच गवत कापलेला.

आता एक विचारतो, नीट आठवून उत्तर दे. शनिवारी सकाळी शेवटच्या रेषेपाशी दोऱ्या बांधायचं काम तुला दिलं होतं. तिथून ओढ्यापर्यंतचा उतार दिसतो. सकाळी तू काय पाहिलंस? मी तिकडे फिरत होतो का? झेंड्यांपाशी मी दिसलो का? तुझ्याशी काही असंबद्ध बोललो का? आदल्या रात्री आणि त्या सकाळी मी काय काय केलं ते मी कागदावर मांडतो आहे. काही तुकडे सापडत नाहीत. जे पाहिलं असशील ते लिही, चांगलं वाटेल की वाईट हे बघू नकोस.

धावतोस का? पायाला वळण राहू दे.

एल्डन ब्रेक्के

*

डच हार्बर
१२ डिसेंबर १९८६

कोच,

तुमचं पत्र मिळालं. माझ्या खोलीत बेनी म्हणून एक फिलिपिनो आहे, पन्नाशीचा. मी ते चार वेळा वाचलं तर म्हणाला, "पोरीने नकार दिला का रे?" मी म्हटलं, "माझ्या कोचचं आहे." तर म्हणतो, "मग तर नकारच असणार."

तुम्ही सकाळचं विचारलंत. कोच, मी काहीच पाहिलं नाही. त्या दिवशी मी नऊपर्यंत झोपलो होतो. शुक्रवारी तुम्ही शर्यतीत पळणाऱ्या सातजणांची यादी लावलीत आणि माझं नाव आठवं आलं, म्हणून रागाने पडून राहिलो. साडेनऊला धावतपळत आलो आणि घाईघाईत दोऱ्या बांधल्या. ओढ्याकडे गेलोच नाही. तुम्हाला पाहिलं नाही, दुसऱ्या कुणालाही पाहिलं नाही. खरंच सांगतो.

आणि त्या गोष्टीत तुम्ही इतके खोल का शिरताय? झालं ते झालं. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, विषय संपला. पुन्हा उकरून कुणाचं भलं होणार? ज्याने कुणी काही केलं असेल त्याला पुरेशी शिक्षा आपोआप मिळत असेल असं धरा आणि सोडून द्या.

धावतो. इथे एकच रस्ता आहे, विमानतळापर्यंत. वारा असा की जाताना माणूस जागच्या जागी पळतो आणि येताना पाय जमिनीला लावायची गरज नाही. कारखान्यातले लोक खिडकीतून हसतात. परवा फोरमन म्हणाला, "हॅवरकॅम्प, अस्वल नाहीये मागे, इथे अस्वलं नाहीत." रबरी बुटांत दिवसभर उभं राहून पाय पांढरे पडलेत. मार्चमध्ये बोटीवर जाईन म्हणतो. मग मे महिन्यात आणखी कुठेतरी. एका जागी बसलो की माझं डोकं बोलायला लागतं.

नाताळच्या शुभेच्छा, दोघांनाही.

टॉड

*

वॉकर्स ग्रोव्ह
१० जानेवारी १९८७

टॉड,

तू स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस. मला तेच हवं होतं. तू तिथे असतास आणि दुसरं कुणी झेंड्यांपाशी फिरताना पाहिलं असतंस तर गोष्ट वेगळी होती. ती वाट आता बंद झाली.

तुला सांगतो, कारण तू इथला असून इथे नाहीस. गावात हे कुणाला सांगितलेलं नाही.

तो पिवळा झेंडा रोवल्याचं मला आठवतं. नुसतं आठवत नाही, कापडाचा स्पर्श हाताला आठवतो. काठीची चीर सुद्धा. आणि तिथे होता लाल. म्हणजे माझी आठवण अगदी कोरीव आहे आणि खोटी आहे. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. एकसष्टाव्या वर्षी ते भल्या पहाटे उठून गोठ्यात गेले आणि गाईंना नावाने हाका मारायला लागले. गाई विकून नऊ वर्षं झाली होती. त्यांनाही प्रत्येक गाय स्पष्ट दिसत होती. मी मार्चमध्ये एकसष्ट पुरा करतो.

डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. भूमितीच्या मास्तरला! मी दोनच्या खाली ऋण संख्यांत शिरलो तेव्हा त्यांनी थांबवलं. त्यांना काही सापडलं नाही. पण सुरुवातीला सापडत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणून मी नाताळच्या आधी राजीनामा दिला. डीनने "अहो, कशाला" म्हणून हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कागद घेतला. एप्रिलपासून नवा माणूस येतोय, तिशीचा, चांगला आहे असं ऐकतो. माझ्या जाण्याचं कारण हरणं नाही. हरण्यात मी मुरलेला आहे. पंचावन्न साली आलो तेव्हा माझ्याकडे पळणारे चार होते. संघाला निदान पाच लागतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवले की संघाचा आकडा येतो. पाचवा म्हणून मी चर्चच्या गायनवृंदातून एक जाडजूड पोरगा उचलला. तो शेवटचा आला, पण गात आला. तेव्हापासून पाच वेळा आपण दुसरे आलो. मला वाईट वाटलं, झोप उडाली नाही.

कारण आहे ती व्हॅन. दर शनिवारी मी चौदा पोरं मागे घालून बर्फातून तीन तीन तास चालवतो. ज्या माणसाला डावं उजवं खात्रीने सांगता येत नाही त्याने ते करू नये. किल्ल्या मी स्वतः डीनच्या टेबलावर ठेवल्या.

तुझी काळजी वाटते. बोटीवर जाण्याआधी पोहणं शीक.

ब्रेक्के

*

डच हार्बर
८ फेब्रुवारी १९८७

कोच,

आधी हे वाचा. तुमचं डोकं ठीक आहे. तुम्ही पिवळाच लावला होता.

वाऱ्यामुळे तीन आठवडे टपालाचं विमान आलं नाही. पत्र काल हातात पडलं. वाचून मी फोनपाशी गेलो. कारखान्यात सगळ्यांत मिळून एक फोन आहे, मागे दहा बारा जण उभे. मिसेस ब्रेक्केंनी उचलला, दोनदा "कोण?" म्हणाल्या, आणि मी फोन ठेवून दिला. तो मी होतो.

लाल झेंडा मी लावला. मी नऊपर्यंत झोपलो नव्हतो. सातला मैदानावर होतो. ओढ्यापाशी गेलो तर तुमचा झेंडा पडलेला दिसला. कुणाच्या तरी कालवडी कुंपणातून आत आल्या असाव्यात. माझ्याकडे दोऱ्यांबरोबर जादा झेंड्यांची मोळी होती. घाईत त्यातला एक काढून रोवला, रंग बघितला नाही. बस्स, एवढंच झालं. एक झेंडा, एक मिनिट.

तुम्ही "चूक माझी" म्हणालात तेव्हा मला वाटलं, यांनी मला पाहिलंय आणि ते मला पाठीशी घालतायत. देवाशप्पथ तसंच वाटलं. म्हणून तर मी पळालो, तुमच्यासमोर उभं राहवलं नसतं. मग तुम्ही पत्रात विचारलंत, काय पाहिलंस, तेव्हा वाटलं की आता माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय. घाबरलो आणि खोटं लिहिलं.

राजीनामा परत मागा. डीनला हे पत्र दाखवा. व्हॅनच्या किल्ल्या परत घ्या. हवं तर मी त्यांना वेगळं लिहितो. वडिलांचं ते वडिलांपाशी ठेवा, तुमचं तसं नाही. कोच, प्लीज.

टॉड

*

वॉकर्स ग्रोव्ह
२५ फेब्रुवारी १९८७

प्रिय टॉड,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आर्डिसला वाचून दाखवताना मला मध्येच थांबावं लागलं.

एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून चारशे-साडेचारशे पोरं गेली. काहींनी लग्नाला बोलावलं, एकाने मुलाला माझं नाव दिलं, बिचारा मुलगा. पण हजारो मैलांवर खेकडे फोडता फोडता कोणी माझ्यासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेईल असं मला वाटलं नव्हतं.

पण मी भूमिती शिकवलेला माणूस आहे. सिद्धतेत भोक असलं की दिसतं.

पहिलं, डिसेंबरात तू लिहिलंस की नऊपर्यंत झोपला होतास. तेव्हा तुला माझ्या आजाराचं काही माहीत नव्हतं, म्हणजे खोटं बोलायला कारण नव्हतं. आता माहीत झालं, आणि आता गोष्ट बदलली. दुसरं, झेंडा पडलेला नव्हता. कालवडी आत आल्या असत्या तर माझं कापलेलं गवत तुडवलं गेलं असतं, खुरं उमटली असती. मी शनिवारी संध्याकाळी गुडघ्यांवर बसून ती जागा पाहिली.

आणि तिसरं, जे मी आर्डिसखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. तू लिहितोस एक झेंडा. टॉड, झेंडे दोन चुकले होते. ओढ्यानंतरच्या वळणावर, कोठाराच्या कोपऱ्याशी, तिथेही पिवळ्याच्या जागी लाल होता. तिथून शेवटची रेषा समोर दिसते, म्हणून झेंड्याकडे कुणी पाहिलं नाही. झेंडे गोळा करताना मला सापडला. मी तो पोत्यात घातला आणि घरी आलो. एक झेंडा चुकला तर घाई, दोन चुकले तर डोकं. घाईत एक चुकवणाऱ्याच्या हातून बरोबर पुढच्याच वळणावर तीच चूक होत नाही.

तुझ्या पत्रात तो दुसरा झेंडा नाही, कारण तू तिथे नव्हतास.

रागावलेलो नाही. उलट पत्र मी शर्टाच्या खिशात ठेवलंय. पण पुन्हा असं करू नकोस. माझ्यासाठी खोटं बोलायची तुला सवय लागली तर मी तुला काय शिकवलं?

तुझा,
एल्डन ब्रेक्के

*

डच हार्बर
१४ मार्च १९८७

कोच,

दोन होते. दोन्ही मीच बदलले. आता हे लिहून उपयोग नाही हे मला कळतं, कारण दोन होते हे तुम्हीच मला सांगितलंत. बेनीला पत्र वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "अर्धं खरं सांगितलंस ना, आता उरलेलं अर्धं तुझ्याच घशात अडकलं."

तरी लिहितो. या वेळी काही वगळत नाही.

झेंडा पडलेला नव्हता. कालवडी मी पत्रात सोडल्या. दोन्ही झेंडे ताठ उभे होते, पिवळे, तुम्ही लावलेले. मी शेवटच्या रेषेपाशी दोऱ्या बांधून ओढ्याकडे चालत निघालो. सुरुवातीच्या बाजूने गेलो नाही, कारण तिथे ते सातजण गणवेश घालून हातपाय झाडत होते आणि मला त्यांची तोंडं बघायची नव्हती. म्हणजे मी मार्गावर उलटा चालत होतो. कोठाराच्या कोपऱ्याशी रस्ता माझ्या डाव्या हाताला वळला आणि झेंडा पिवळा. मी थांबलो. मनात घोकलं, लाल डावीकडे, पिवळा उजवीकडे. हे तर डावीकडे आहे. पुढे ओढ्यापाशी पुन्हा डावीकडे, पुन्हा पिवळा. मला एकदाही सुचलं नाही की माझं डावं ते समोरून येणाऱ्यांचं उजवं.

तुम्ही म्हणता, तीच चूक लागोपाठ दोनदा होत नाही. कोच, उलटं चालणाऱ्याच्या हातून तीच होते, प्रत्येक वळणावर होते. आणखी पुढे गेलो असतो तर सगळे झेंडे बदलले असते. पण कुणीतरी शिट्टी मारली म्हणून मागे फिरलो.

मोळीतून दोन लाल काढले आणि बदलले. आणि आता जे लिहितो ते लिहायला लागू नये म्हणून मी मागच्या वेळी कालवडी आणल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं चळलं. अगदी याच शब्दांत वाटलं. आणि मला बरं वाटलं. आठवा ठरवलास ना मला? बघ, त्याच आठव्याने तुझी लाज राखली. शर्यत झाली की सगळ्यांसमोर सांगणार होतो. तसा उभा होतो मी तुमच्या मागे, वाट बघत, की कधी एकदा सांगतो. आणि मग पुढच्या अकरांची पाठ दिसली, खाणीकडे जाताना.

तुम्ही स्वतःच्या डोक्याबद्दल जे मानून बसलायत ते तुमच्या आधी मी मानलं होतं. तेव्हाही ते खोटंच होतं.

कॉलेजच्या अध्यक्षांनाही हेच लिहून पाठवलंय. तुमचा राग आला तर येऊ द्या. विश्वास ठेवलात तर शिव्या देऊन पत्र लिहा. मी बोटीवर गेलेलो नाही. उत्तर येईपर्यंत इथेच आहे.

टॉड

*

वॉकर्स ग्रोव्ह
५ एप्रिल १९८७

टॉड,

हे पत्र मी लिहिते आहे, आर्डिस ब्रेक्के. एल्डनला याची कल्पना नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा त्याने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. उलटं चालण्याच्या जागी आला तेव्हा हसायला लागला. म्हणाला, "बघ आर्डिस, पोरगा भूमितीत नापास, आणि माझ्यासाठी बसून किती सुंदर सिद्धता रचलीय. दोन्ही झेंडे बसवले की नाही बरोबर!" मग चष्मा काढून डोळे पुसले. अध्यक्षांकडून तुझ्या पत्राबद्दल फोन आला, त्यांनाही त्याने हेच सांगितलं. ते म्हणाले, तुमचे विद्यार्थी तुमच्यावर फार प्रेम करतात. नवीन कोच एक तारखेला रुजू झाला.

दुसऱ्या दिवशी एल्डन झोपला असताना मी एकटी मैदानावर गेले. शेवटच्या रेषेपासून ओढ्याकडे चालत गेले. कोठारापाशी डावा हात, ओढ्यापाशी डावा हात. तिथे चिखलात उभी राहिले. तू खरं बोलतोयस. माझा विश्वास बसला.

घरी येऊन मी त्याला सांगितलं. माझा हात धरून म्हणाला, "आता तू सुद्धा?" मी ओरडले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी एवढी कधी ओरडले नव्हते. तो शांतपणे ऐकत राहिला, आजारी माणसं ऐकतात तसा. आता मी घरात काही चांगलं बोलले की तो ते दयेच्या खात्यात टाकतो. मीठ कमी पडलं तर तेवढं खरं मानतो.

त्याने एक छोटी वही केली आहे. कपाळावर चष्मा असताना शोधला, की लिहून ठेवतो. किराणा दुकानात एखादं नाव चटकन आठवलं नाही, की लिहून ठेवतो. माझंही रोज काही ना काही विसरतं, टॉड, सगळ्यांचंच विसरतं. पण वही त्याचीच भरते आहे. गाडी चालवत नाही. मी चालवते, तो शेजारी बसून प्रत्येक वळणाआधी मला विचारतो की इकडेच ना. हे मागच्या वर्षी विचारत नव्हता. डॉक्टर म्हणतात काही नाही. पण मी त्याच्याकडे बघते, आणि मला कळत नाही की जे आता होतंय ते खरं आहे की तुझ्या त्या सकाळीने त्याला शिकवलं आहे.

पुन्हा तेच कबूल करणारं पत्र पाठवू नकोस. प्रत्येक पत्रानिशी तू त्याच्या नजरेत मोठा होतोस, आणि मला ते सहन होत नाही. तुला माफ करावं असं माझा धर्म सांगतो. मी देवाशी बोलून बघेन, आज नाही.

पण एक गोष्ट तुला कळली पाहिजे. गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. कुणीतरी त्याला विचारलं, "एल्डन, एकतीस वर्षांत एकदाही जिंकला नाहीत, वाईट नाही वाटत?" त्याने खिशातून तुझं पत्र काढलं, उघडलं नाही, नुसतं दाखवलं, आणि म्हणाला, "मी एक टॉड हॅवरकॅम्प घडवला. आर्डिसला विचारा हवं तर, कसा मुलगा आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोही बघत होता, मी म्हणेन ते खरं मानणार असल्यासारखा, कितीतरी महिन्यांनी तसा बघत होता.

मी म्हटलं, "हो. फार चांगला."

आर्डिस ब्रेक्के